जुन्या स्टिरिओ रिसीव्हरची घरगुती निगा: जानकीपुरमची वीज आणि लखनौच्या लहरी

लखनौ शहराच्या उत्तरेस, सीतापूर मार्गालगत, लखनौ विकास प्राधिकरणाने वसवलेली जानकीपुरम ही मोठी निवासी वसाहत आहे. निवृत्त सरकारी कर्मचारी, विद्यापीठात आणि संशोधन संस्थांत काम करणारी कुटुंबे, बदलीच्या निमित्ताने येऊन येथेच स्थायिक झालेले परप्रांतीय असा अशा वसाहतींचा संमिश्र संसार असतो. त्यांतल्या एखाद्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, अॅल्युमिनियमच्या चकचकीत दर्शनी पट्टीचा, लाकडी पेटीत बसवलेला जड स्टिरिओ रिसीव्हर अजून आढळतो. वडिलांनी आखाती देशातून आणलेला, कोणा नातेवाइकाने परदेशातून पाठवलेला किंवा अलीकडे हौसेने जुन्या बाजारातून विकत घेतलेला. वर्षानुवर्षे बंद असलेल्या या संचाचे काय करावे, असा प्रश्न घर आवरताना निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा दोन मिनिटांत दिले जाते: एक तर तो भंगारवाल्याला दिला जातो, नाहीतर धूळ झटकून थेट विजेला जोडला जातो. दुसरा मार्ग अधिक प्रेमाचा दिसतो खरा, पण संचाच्या दृष्टीने दोन्हींचा शेवट पुष्कळदा सारखाच होतो.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९८०च्या सुमारापर्यंत बनलेले चांगल्या प्रतीचे रिसीव्हर केवळ वयामुळे सहसा निकामी होत नाहीत. ते वेगळ्या विजेसाठी, वेगळ्या हवामानासाठी आणि पुष्कळदा वेगळ्या देशाच्या आकाशवाणीसाठी बनवलेले असतात. ही गोष्ट ध्यानात न घेता ते वापरले गेले, की मग बिघडतात. म्हणूनच त्यांची निगा म्हणजे प्रथम ही तफावत ओळखणे होय.

रिसीव्हर म्हणजे नेमके काय, हे येथे थोडक्यात सांगणे योग्य ठरेल. रेडिओचा ट्यूनर, रेकॉर्ड प्लेअर किंवा टेपचा क्षीण संकेत वाढवणारा पूर्ववर्धक आणि स्पीकर हलवणारा शक्तिवर्धक ही तीन स्वतंत्र यंत्रे एकाच पेटीत बसवली की त्या संचाला रिसीव्हर म्हणतात. १ जून १९६१ रोजी अमेरिकेत एफएम वाहिनीवर स्टिरिओ प्रसारण सुरू झाले आणि अशा संचांना मोठी बाजारपेठ मिळाली. त्यानंतरच्या दोन दशकांत पायोनिअर, सॅन्सुई, केनवुड, यामाहा, मॅरान्ट्झ आदी नावांनी जपानी कारखान्यांतून लक्षावधी संच बाहेर पडले. १९७४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अँप्लिफायरची शक्ती कशी मोजावी व कशी जाहीर करावी याचा नियमच घालून दिला. त्यामुळे त्यानंतरच्या संचांवरील वॅटचे आकडे बव्हंशी विश्वासार्ह आहेत. पायोनिअरच्या १९७६ सालच्या एसएक्स-१२५० या संचावर प्रत्येक बाजूस १६० वॅट असे लिहिलेले असे आणि तो खरोखर तेवढी शक्ती देत असे. पुढे आपल्याकडे तळहाताएवढ्या टेपरेकॉर्डरवरही 'पीएमपीओ' या अक्षरांपुढे हजार वॅटच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. त्या आकड्यांशी या आकड्यांची तुलना करण्याचे कारण नाही.

भारतात हे संच मोजकेच आले. आयातीवर कडक निर्बंध होते आणि साधा रेडिओ बाळगण्यासाठीही १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागत असे. मध्यमवर्गाची हौस फिलिप्स, बुश, कॉस्मिक, सोनोडाइन यांसारख्या नावांनी देशातच मिळणाऱ्या संचांवर भागे. विदेशी रिसीव्हर आला तो प्रवाशाच्या सामानातून. त्यामुळे तो कोणत्या देशाच्या विजेसाठी बनवलेला आहे याचा भरवसा नसतो.

लखनौत अशा यंत्राला घर मिळावे, हे त्या शहराच्या स्वभावाला धरूनच आहे. मुंबईत जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली येथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले, आणि त्याची धुरा पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ वाहिली. भातखंडे यांच्याच नावाने ही संस्था आज विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. २ एप्रिल १९३८ रोजी लखनौ आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तलत महमूद नावाचा किशोरवयीन गायक तेथे गाऊ लागला. ज्या शहराने कानावर एवढा पैसा आणि वेळ खर्च केला, तेथे ऐकण्याची साधने जपली जाणे स्वाभाविक म्हटले पाहिजे.

आधी पाठीमागची पट्टी वाचा

संचाच्या मागील बाजूस एक छोटी धातूची पट्टी किंवा छापील मजकूर असतो. सर्व निगेची सुरुवात तेथून होते. त्यावर १०० व्होल्ट लिहिले असेल तर संच जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेला आहे. ११७ किंवा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असेल तर तो अमेरिकेचा. २२० किंवा २४० व्होल्ट असेल तर युरोप, ब्रिटन अथवा ऑस्ट्रेलियाचा. आखाती देशांत व लष्करी भांडारांत विकल्या गेलेल्या पुष्कळ संचांवर व्होल्टेज निवडण्याची फिरती कळ किंवा काढघाल करता येणारा प्लग असतो. त्यावर ११०, १२०, २२०, २४० असे आकडे दिसतात. भारतात अशी कळ २४० वर ठेवावी, २२० वर नव्हे. आपला अधिकृत दाब २३० व्होल्ट असला, तरी रात्री उशिरा भार उतरल्यावर तो २४० च्या पुढे जाणे ही उत्तर भारतातील वसाहतींतच नव्हे, तर महाराष्ट्रातील अनेक गावांतही नित्याची बाब आहे. कळ बदलली की फ्यूजचे मूल्यही बदलते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १२० व्होल्टसाठी असलेला फ्यूज २४० व्होल्टला साधारण दुप्पट मोठा ठरतो, म्हणजे संकटाच्या वेळी तो वितळतच नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडील जुनी खोड तर येथे अक्षरशः आगीला आमंत्रण आहे.

ज्या संचांवर अशी कळ नाही, त्यांच्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. बाजारात सर्रास मिळतो तो २३० चे ११० व्होल्ट करणारा. येथे थोडे गणित करून पाहिले पाहिजे. घरात २४५ व्होल्ट येत असतील, तर या ट्रान्सफॉर्मरमधून ११० नव्हे, सुमारे ११७ व्होल्ट बाहेर पडतात. अमेरिकी संचाला ते मानवतात. पण १०० व्होल्टच्या जपानी संचाला ते १७ टक्के जास्त होतात. समजा, त्या संचात आतील एकदिश दाब ४४ व्होल्ट आहे आणि त्यावर ५० व्होल्ट सहनशक्तीचे कपॅसिटर बसवलेले आहेत. १७ टक्क्यांनी वाढून तो दाब ५१ व्होल्टच्या वर जातो. पन्नास वर्षांच्या कपॅसिटरकडून ही अपेक्षा करणे रास्त नाही. म्हणून जपानी संचासाठी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम गुंडाळून घ्यावा. त्याची क्षमता संचाच्या पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या निदान दीडपट असावी. शिवाय ६० हर्ट्झसाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा अधिक तापतो. तो हाताला किती गरम लागतो, याकडे पहिले काही दिवस लक्ष ठेवावे.

वीज जाणे आणि येणे हा वेगळाच विषय आहे. वीज जाते तेव्हा नव्हे, तर परत येते तेव्हा संचाला धोका असतो. एकाच वेळी आजूबाजूचे पंखे, कूलर, पंप सुरू होतात आणि दाब काही क्षण हेलकावे खातो. वीज गेली की रिसीव्हरची कळ बंद करून प्लगही काढावा आणि वीज परतल्यावर पाच मिनिटे थांबावे. चांगला स्टॅबिलायझर उपयोगी पडतो, पण तो संचाच्या क्षमतेला पुरेसा हवा. इन्व्हर्टरच्या बाबतीत एकच प्रश्न विचारावा: त्याची लहर शुद्ध साइन आहे की चौकोनी? स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर ट्रान्सफॉर्मर घुरघुरतो, तापतो आणि स्पीकरमधून अखंड भुणभुण येते. अशा इन्व्हर्टरवर रिसीव्हर लावण्यापेक्षा त्या वेळात खिशातला ट्रान्झिस्टर ऐकलेला बरा.

पहिली सुरुवात आणि दिव्याची युक्ती

दीर्घकाळ बंद असलेल्या संचातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा सर्वांत दुबळा भाग असतो. त्याच्या आतील सूक्ष्म ऑक्साइडचा थर न वापरल्याने क्षीण होतो. अशा स्थितीत एकदम पूर्ण दाब दिला, तर तो गरम होऊन फुगतो, क्वचित फुटतो आणि जाताना ट्रान्झिस्टरही घेऊन जातो. आपल्याकडील जुने रेडिओ मेकॅनिक यासाठी एक साधे साधन वापरतात. त्याला ते 'सिरीज बोर्ड' म्हणतात. विजेच्या वाटेत एक १०० वॅटचा तारेचा दिवा अशा रीतीने जोडलेला असतो, की संचाला मिळणारा सर्व प्रवाह त्या दिव्यातूनच जातो. संच निरोगी असेल, तर कळ दाबताच दिवा क्षणभर पेटून मंद होतो. आत कोठे शॉर्ट असेल, तर दिवा पूर्ण तेजाने जळत राहतो आणि संच वाचतो. येथे एलईडीचा दिवा चालत नाही, तारेचाच हवा. असे दिवे बाजारातून दिसेनासे होत चालले आहेत, तेव्हा एखादा मिळाल्यास जपून ठेवावा. या चाचणीच्या वेळी संचाला स्पीकर जोडू नयेत.

दिवा मंद झाला, तर जाणकाराने पुढची चाचणी करावी: स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून एकदिश दाब मोजावा. तो ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तर उत्तम. १०० च्या पुढे असेल, तर कोठेतरी ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर रेषेबाहेर गेला आहे. काही व्होल्ट दिसले, तर तो संच स्पीकरला जोडणे म्हणजे स्पीकरची कॉइल जाळणे होय. चांगल्या संचांत या प्रसंगासाठी एक रिले असतो. कळ दाबल्यावर तीन ते दहा सेकंदांनी येणारा 'टक्' असा आवाज त्याचाच. तो आवाज आला नाही, तर रिले खराब आहे असे समजून त्याला तारेने वळसा घालणारे मेकॅनिकही भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. रिले बहुधा आपले काम करत असतो.

एक सूचना ठळकपणे देणे आवश्यक आहे. प्लग काढल्यानंतरही मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४० ते ६० व्होल्ट बराच काळ साठून राहतात. विजेच्या कळीपाशी तर संच बंद असतानाही, प्लग जोडलेला असल्यास, घरातील पूर्ण दाब असतो. ज्यांना या कामाचा सराव नाही, त्यांनी झाकण उघडून पाहण्यापलीकडे जाऊ नये, आणि तेही प्लग काढून. स्क्रूड्रायव्हर टेकवून कपॅसिटर रिकामा करण्याचा प्रकार तर टाळावाच. मागील बाजूचा 'ग्राउंड' हा स्क्रू रेकॉर्ड प्लेअरच्या तारेसाठी असतो. तो घरातील अर्थिंगला पर्याय नाही.

धूळ, ऊन आणि पाल

लखनौचा उन्हाळा या यंत्रांची कसोटी पाहतो. मे-जूनमध्ये तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, 'लू' वाहते आणि आंधीबरोबर बारीक धूळ बंद खिडकीतूनही आत येते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत एक ढोबळ नियम सर्वमान्य आहे: तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. विदर्भातील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. म्हणजे ४५ अंशांच्या खोलीत दुपारभर चालणारा संच ३५ अंशांच्या खोलीतील संचापेक्षा दुप्पट वेगाने म्हातारा होत असतो. यावर उपाय खर्चिक नाही. वरच्या जाळीवर किमान चार बोटे मोकळी जागा ठेवावी, वर दुसरे यंत्र ठेवू नये आणि ऐन दुपारी आवाज बेताचा ठेवावा. आपल्या घरांतून संचावर विणलेला रुमाल घालण्याची पद्धत आहे. संच बंद असताना तो शोभेचा आणि उपयोगाचाही आहे, पण चालू असताना काढलाच पाहिजे.

धूळ काढण्यासाठी मऊ रंगकामाचा कोरडा ब्रश आणि हलकी हवा पुरेशी असते. ओले फडके आत नेऊ नये. एफएम ट्यूनिंगच्या फिरत्या पात्यांच्या कपॅसिटरला तर ब्रशखेरीज काहीच लावू नये. त्याचे पाते केसभर वाकले तरी डायलवरील आकडे आणि प्रत्यक्ष केंद्र यांचे नाते तुटते. पावसाळ्यात आर्द्रता, हिवाळ्यात धुके आणि बारा महिने झुरळे व पाली. उबदार ट्रान्सफॉर्मरजवळ पाल आसरा घेते आणि दोन उघड्या टोकांना एकाच वेळी शिवते. उत्तर भारतात काय किंवा कोकणात काय, मेकॅनिकच्या टेबलावर आलेल्या जळक्या सर्किटचे हे एक अगदी नेहमीचे कारण आहे. मागील मोठ्या फटींना आतून बारीक नायलॉनची जाळी लावली, तर हवाही खेळते आणि पाहुणेही येत नाहीत. लाकडी पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये, म्हणजे वाळवी लवकर दिसते.

आवाज वाढवताना खरखर होणे ही सर्वांत सार्वत्रिक तक्रार आहे आणि तिचे निवारणही बहुधा सोपे असते. कंट्रोलच्या आतील कार्बनच्या पट्टीवर मळ जमलेला असतो. संच बंद ठेवून, कंट्रोलच्या छोट्या फटीतून त्यासाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा फवारावा आणि दांडी पंचवीस-तीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावी. गंज सोडवण्यासाठी सायकलच्या साखळीला मारतात तो फवारा येथे चालत नाही. तो मागे तेलकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ आणखी चिकटते. नुसते स्पिरिट वापरले, तर मळाबरोबर आतील वंगणही धुऊन जाते व दांडी कोरडी फिरू लागते. एका बाजूचा आवाज मधूनच जाणे आणि आवाज मोठा करताच परत येणे, हे मात्र पुष्कळदा कंट्रोलचे नव्हे, तर रिलेच्या किंवा स्पीकर निवडण्याच्या कळीच्या काळवंडलेल्या संपर्कबिंदूंचे लक्षण असते.

डायलमागचे दिवे गेले की संच मेला, असे समजून तो विकणारे लोक आहेत. वस्तुतः ते सहा ते आठ व्होल्टचे साधे बल्ब असतात. त्यांच्या जागी एलईडी बसवता येतात, परंतु काही संचांत तेच बल्ब विद्युतमार्गाचा भाग असतात. तेव्हा सर्किटचा नकाशा पाहूनच बदल करावा. शिवाय त्या जुन्या पिवळसर-निळ्या प्रकाशाला पांढऱ्या एलईडीची सर येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आकाशातल्या लहरी कोणत्या देशाच्या?

विजेचा प्रश्न सुटला, तरी संच भारतीय केंद्रे पकडेलच असे नाही. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेल्या त्या काळच्या संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच असतो. आपली केंद्रे ८८ ते १०८ या पट्ट्यात आहेत. डायलवर शेवटचा आकडा ९० दिसला, तर तो संच आपल्याकडे रेडिओ म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे, हे विकत घेण्यापूर्वीच ओळखावे. अँप्लिफायर म्हणून तो उत्तम असू शकतो, किंमत मात्र त्याच हिशेबाने द्यावी.

अमेरिकी संचात दुसरी अडचण निघते. एफएमच्या प्रसारणात तार स्वर मुद्दाम वाढवून पाठवले जातात आणि संचात ते तेवढेच उतरवले जातात, जेणेकरून सरसर कमी व्हावी. अमेरिकेत हे प्रमाण ७५ मायक्रोसेकंद या मापाने ठरलेले आहे, तर भारतात, युरोपात आणि जपानमध्ये ५० मायक्रोसेकंद. त्यामुळे अमेरिकी संचावर लखनौचे किंवा पुण्याचे केंद्र ऐकताना आवाज किंचित मंद, झाकल्यासारखा वाटतो. सतार असेल तर हे लगेच जाणवते. काही संचांच्या मागे या दोन मापांची कळ असते, ती ५० वर करावी. नसेल, तर ट्रेबल थोडा वाढवावा किंवा मेकॅनिककडून प्रत्येक बाजूचा एकेक कपॅसिटर बदलून घ्यावा. काम लहान आहे, पण फरक मोठा पडतो.

१९७०च्या दशकाअखेरीस आकडे दाखवणारे डिजिटल ट्यूनर आले. त्यांतील अमेरिकी संच एफएमवर ८७.९, ८८.१ अशा विषम दशांशांवरच थांबतात. त्यामुळे पुणे आकाशवाणीचे १०१ मेगाहर्ट्झ त्यांना नेमके सापडत नाही. मध्यम लहरींवर ते १० किलोहर्ट्झच्या पायरीने चालतात. आपली केंद्रे ९ च्या पायरीवर आहेत. लखनौच्या श्रोत्यांना दीर्घकाळ परिचित असलेला ७४७, मुंबईचा ५५८ आणि पुण्याचा ७९२ हे तिन्ही आकडे नऊने भागले जातात, दहाने नाहीत. सुई फिरवण्याच्या जुन्या डायलवर हा प्रश्नच उद्भवत नाही. नव्यापेक्षा जुने सरस ठरते, असे हे एक दुर्मिळ उदाहरण म्हणता येईल.

मध्यम लहरींचा विषय निघालाच आहे, तर तेथील वस्तुस्थितीही सांगितली पाहिजे. गेल्या काही वर्षांत देशातील अनेक ठिकाणची जुनी मध्यम लहरींवरील प्रक्षेपणे थांबली आहेत आणि भर एफएमकडे व मोबाइल अॅपकडे वळला आहे. शिवाय घरातील एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखर याच पट्ट्यात सर्वाधिक ऐकू येते. ज्या रिसीव्हरच्या डायलचा अर्धा भाग मध्यम लहरींसाठी राखलेला आहे, त्याचा तो अर्धा भाग हळूहळू मुका होत आहे. रात्री दूरचे केंद्र शोधण्याची ज्यांना सवय होती, त्यांचे हे नुकसान कोणत्याही मेकॅनिकला भरून काढता येणार नाही. ज्यांच्या परिसरात मध्यम लहरींवर अजून काही ऐकू येत असेल, त्यांनी एखादी रात्र घरातील सर्व चार्जर बंद करून डायल फिरवून पाहावा.

एफएमसाठी मात्र संच पूर्णपणे कामाचा आहे. त्याच्या मागील ३०० ओहमच्या टोकांना दोन पदरी चपट्या तारेची अँटेना जोडावी. १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची असते, म्हणून इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या या अँटेनाची आडवी बाजू तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे दीड मीटर ठेवतात. ती प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेशी काटकोनात ताणावी. जानकीपुरमसारख्या वसाहतीत जुनी दुमजली घरे आणि नव्या उंच इमारती यांची दाटी झाली आहे. भिंतींवर आदळून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात आणि 'स'कार फाटतात. अँटेना फूटभर सरकवली तरी हा दोष पुष्कळ कमी होतो. तरीही सरसर राहिली, तर 'मोनो'ची कळ दाबावी. स्टिरिओ संकेत वाचण्यासाठी संचाला १९ किलोहर्ट्झच्या एका मार्गदर्शक सुराच्या आधाराने अधिक रुंद पट्टा ऐकावा लागतो, आणि त्याबरोबर गोंगाटही अधिक आत येतो. बातम्या किंवा भाषण मोनोमध्ये ऐकल्याने काहीच गमावले जात नाही.

रेकॉर्ड, मोबाइल आणि स्पीकर

रेकॉर्ड प्लेअर जोडताना एक खुणगाठ बांधावी. 'फोनो' हे प्रवेशद्वार चुंबकीय पिकअपच्या तीन-चार मिलिव्होल्टच्या नाजूक संकेतासाठी असते. आपल्या घरांतील जुन्या सुटकेसवजा रेकॉर्ड प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक पिकअप असतो आणि त्याचा संकेत शंभरपट मोठा असतो. तो 'ऑक्स'ला जोडावा. 'फोनो'ला जोडल्यास भीमसेन जोशींचा षड्जही करवतीसारखा ऐकू येईल. मोबाइल, दूरचित्रवाणी संच किंवा ब्लूटूथची डबी यांसाठीही 'ऑक्स'च योग्य. युरोपीय आणि जुन्या भारतीय संचांवर पाच टाचण्यांचे गोल सॉकेट असते. त्याचे जोडतार आजही मिळतात.

स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम पाहावेत. संचावर 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्यांची सोय असली, तरी दोन्ही एकदम वाजवायच्या झाल्यास प्रत्येक स्पीकर आठ ओहमचा हवा. चार ओहमच्या दोन जोड्या लावल्या, तर संचाला दोनच ओहम दिसतात आणि शक्तिवर्धकातील ट्रान्झिस्टर जीव सोडतात. ते जळाल्यावर खरी परवड सुरू होते. त्या काळचे मूळ ट्रान्झिस्टर आणि 'एसटीके' नावाचे एकत्रित भाग आता बनत नाहीत आणि त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात बनावट पुष्कळ असतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे लजपतराय मार्केट येथे सुटे भाग मिळतात, पण दुकानदाराचा शब्द आणि भागावरची छपाई यांपैकी कशावरही डोळे मिटून विसंबू नये. कपॅसिटर मात्र नवे आणि मूळपेक्षा चांगले मिळतात. ते बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावेत, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त. सगळे कपॅसिटर एकाच बैठकीत बदलून टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यापेक्षा, एकेक गट बदलून प्रत्येक वेळी संच तपासणारा मेकॅनिक अधिक भरवशाचा असतो.

असा मेकॅनिक मिळणे हीच आता खरी अडचण आहे. ज्यांचे हात या यंत्रांवर बसले होते ते साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांच्या दुकानांत आता मोबाइलची काच बदलली जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, पण ज्या कंपन्यांनी हे संच बनवणे चार दशकांपूर्वीच थांबवले त्यांच्याकडून सुटे भाग मिळण्याची आशा त्यातून बाळगता येत नाही. उलट या जुन्या संचांचे एक भाग्य असे, की त्यांच्याबरोबर सर्किटचा संपूर्ण नकाशा छापून दिला जाई. पुष्कळ संचांच्या सेवा-पुस्तिका आज इंटरनेटवर सहज सापडतात. तिची छापील प्रत संचाबरोबर मेकॅनिककडे द्यावी. ती पाहून ज्याचा चेहरा उजळतो त्याच्याकडे संच ठेवावा, ज्याला ती नकोच असते त्याच्याकडून परत आणावा.

नेताना संच सपाट ठेवावा, उभा करू नये. आतील ट्रान्सफॉर्मरचे वजनच बरेच असते आणि एसएक्स-१२५० सारखा मोठा संच तर एकूण तीस किलोच्या घरात जातो. जानकीपुरममधून शहरात जाताना ई-रिक्षाच्या मागच्या बाकावर घडी घातलेल्या जुन्या रजईवर तो ठेवावा, दर्शनी पट्टी बाकाच्या पाठीकडे करावी आणि कळा व बटणे यांना आधाराला धरून तो कोणी उचलणार नाही, एवढे पाहावे.